मागच्या चाकांतलं तेल

मी एक जुनी जीप आहे. माझा रंग एके काळी गडद हिरवा होता. आता तो कोणता म्हणायचा हे मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, जुन्या जीपला सांगण्यासारखं काय असणार? चालली, थकली, उभी राहिली. पण एका हिवाळ्यात माझ्या मागच्या चाकांतून तेल झिरपू लागलं, आणि त्या तेलापायी एकमेकांवर जीव असलेली माणसं एकमेकांकडे चोराकडे पाहावं तशी पाहू लागली. तेव्हा मी त्यांच्या मधोमध उभी होते आणि मला बोलता येत नव्हतं. म्हणून आता सांगते.

माझी पहिली वर्षं धरणाच्या मोजणीवर गेली. दगडधोंड्यांतून, नाल्यांतून, जिथे बैलगाडी थांबायची तिथून पुढे मी जायचे. काम संपलं तसं मला लिलावात उभं केलं. तिथे दोन मित्र मला पाहायला आले. एक अण्णाजी. कारंजा घाडगेपासून डोंगराच्या बाजूला त्यांचं गाव, संत्र्याची बाग. दुसरे हिरालाल. त्यांचं गॅरेज हायवेवर, ढाब्यांच्या रांगेला लागून, जिथे रात्रंदिवस ट्रक उभे असतात. अण्णाजी माझ्याभोवती नुसते फिरले. हिरालाल मात्र अंगावरच्या स्वच्छ कपड्यांनिशी मातीत आडवे झाले, माझ्याखाली सरपटत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "घेऊन टाका अण्णाजी. लोखंड चांगलं हाय."

त्या एका शब्दावर अण्णाजींनी मला घेतलं. तेव्हापासून माझ्या नटबोल्टांना हिरालालशिवाय कोणाचा पाना लागला नाही. हिरालालने काय बदललं, कशाला बदललं, हे अण्णाजींनी कधी विचारलं नाही. ते बाकावर बसून चहा प्यायचे, पिकापाण्याचं बोलायचे आणि किल्ली घेऊन निघायचे.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. संत्र्याचे क्रेट मी वाहिले, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टर रुतला की लोक म्हणायचे, अण्णाजीची जीप आणा. अडलेल्या बायांना घेऊन मी कितीदा दवाखान्यापर्यंत धावले असेन. पोरं माझ्या बोनेटवर हात ठेवून तो गरम आहे का पाहायची, आणि मला ते आवडायचं.

अण्णाजींना आणि त्यांच्या बायकोला, नलूबाईंना, मूल नव्हतं. अण्णाजींच्या धाकट्या भावाचा मुलगा अंकुश शाळेसाठी त्यांच्याकडे आला आणि तिथलाच होऊन गेला. तो नलूबाईंना मोठी माय म्हणायचा आणि अण्णाजींना मोठे बाबा. गाडी चालवायला तो माझ्यावरच शिकला. मोठा झाल्यावर बागेचं सगळं तोच बघू लागला, आणि माझं चाकही त्याच्याच हाती आलं. क्लच तो असा हलका सोडायचा की मला झटका कधी कळलाच नाही.

पण तोच अंकुश पुढे पुढे म्हणू लागला, "मोठे बाबा, इले विकून टाका. एक पिकअप घेऊ. क्रेट जास्त मावतात, डिझेल कमी लागते." जेवताना म्हणायचा, पाहुण्यांसमोर म्हणायचा. अण्णाजी हसून म्हणायचे, "मी हाय तोवर ही हाय." अंकुशही हसायचा आणि विषय तिथे राहायचा. मला मात्र ते बोलणं बोचायचं. स्वतःला विकण्याची गोष्ट रोज कानावर पडली तर कोणाला बरं वाटेल?

त्या वर्षी पावसाळ्यात गावाबाहेरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून गेला. सगळा पावसाळा मी टिनाच्या शेडमध्ये उभी होते. दसऱ्यानंतर रस्ता झाला, संत्रा तोडायला आला, आणि मी पुन्हा कामाला लागले. काही दिवसांतच अण्णाजींना माझ्या मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला एक काळी ओली रेघ दिसली. ब्रेक दाबला की मी डावीकडे ओढायचे, ते अंकुशने सांगितलंच होतं.

आम्ही हिरालालकडे गेलो. हिरालालने चाक काढलं, आतला गोल ड्रम ठोकून मोकळा केला. आत ब्रेकचे लायनर तेलाने माखले होते. अशा लायनरने चाक कसं धरायचं? साबण लागलेल्या ओल्या हातांनी दोर धरण्यासारखंच ते. त्यांनी बोटावर तेल घेतलं, चोळलं, हुंगलं. मग एका वाटीत पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडला.

"पाहा अण्णाजी. ब्रेकचं तेल असतं तर पातळ राहिलं असतं, पाण्यात मिसळलं असतं. हे तरंगून राह्यलं. जाड हाय, वासही उग्र हाय. हे गिअरचं तेल. मागच्या हौसिंगमधून चाकात येऊन राह्यलं. सील गेली तिची."

हौसिंग म्हणजे माझ्या मागच्या दोन चाकांना जोडणारं लोखंडी पोट. त्यात तेल असतं, आणि ते चाकांत जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना रबराची एकेक सील असते. हिरालालने नवी सील घातली, नवे लायनर बसवले, आणि ढाब्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. सगळं कोरडं होतं. अण्णाजी खूश होऊन परतले.

दिवाळी झाली नाही तोच ती रेघ परत आली. आणि या वेळी डाव्या चाकालाही.

हिरालाल बुचकळ्यात पडले. त्यांनी दोन्ही बाजूच्या सील बदलल्या. पुन्हा चक्कर मारली, पुन्हा कोरडं. आठवडाभर क्रेट वाहिले की पुन्हा ओलं. तिसऱ्या खेपेला अण्णाजी बाकावर बसले नाहीत. ते माझ्या मागच्या चाकापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हिरालाल, सील नवीच टाकली होती ना?"

हिरालाल फडक्याने हात पुसत होते. ते फडकं थांबलं.

"तुमाले काय वाटते?"

"मी फक्त विचारलं."

"हो. विचारलंच तुमी."

मग ते खाली वाकले आणि चाक काढू लागले. 

घरी आल्यावर अण्णाजींनी एक गोष्ट केली, जी मला आजही सांगवत नाही. पांढऱ्या रंगाची डबी घेऊन त्यांनी माझ्या चाकांच्या नटांवर बारीक ठिपके दिले. पुढच्या वेळी हिरालाल खरंच चाक उघडतात की नुसतं पुसून परत देतात, ते त्यांना पाहायचं होतं. पण ज्याचं आयुष्य नट उघडण्यात गेलं त्याला ठिपका दिसणार नाही का? हिरालालने तो पाहिला. बोटाने खरवडला.  काम पूर्ण केलं, आणि अण्णाजी निघताना म्हणाले, "एक सांगतो. माह्या दुकानात गाडी कोरडी राहते. तुमच्या घरी गेली की ओली होते. गाडीखाली कोण जाते घरी?"

"कोण जाईन? मी अन् अंकुश."

"वरून तेल जास्त भरलं तरी ते सीलमधून बाहेर येते." हिरालाल जरा थांबले. "अंकुश गाडी विका म्हणतो ना?"

मित्रांनो, हे शब्द जड नव्हते. पण अण्णाजी ते शब्द बरोबर घेऊनच घरी निघाले.

त्या दिवसापासून घर बदललं. शेडला कुलूप लागलं. किल्ली अण्णाजींच्या बंडीच्या खिशात गेली. रोज माझ्या चाकांखाली पुठ्ठा अंथरला जायचा आणि सकाळी अण्णाजी तो उजेडात धरून पाहायचे. अंकुश शेडकडे आला की ते काहीतरी निमित्त काढून मागे यायचे. एकदा अंगणातून मी पाहिलं, खुंटीवर अंकुशचा शर्ट होता आणि अण्णाजी त्याची बाही नाकाशी धरून उभे होते. नलूबाई दारात आल्या.

"काय हुंगता?"

"काई नाई. धुवाले टाकाचा होता."

नलूबाईंनी शर्ट त्यांच्या हातातून घेतला. त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण तो त्यांनी धुवायला न टाकता पुन्हा खुंटीवर लावला.

खोटं कशाला सांगू, मलाही अंकुशचा संशय येऊ लागला. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला की वाटायचं, हा हलका हात खरा आहे का? हिरालाल पाना लावायचे तेव्हा वाटायचं, हा माणूस माझ्यात नेमकं काय घालतो आहे? लांबच्या फेरीनंतर मला पोट फुगल्यासारखं व्हायचं, आत काहीतरी दाटून यायचं. मी समजले, म्हातारपण आहे.

मग बाजाराचा दिवस आला. मागे क्रेट भरले होते, अंकुश चालवत होता, शेजारी नलूबाई बसल्या होत्या. गावाबाहेरच्या उतारावर समोर एक बैलगाडी आडवी आली. अंकुशने ब्रेक दाबला. पुढची चाकं धरली, मागची तेलामुळे फिरतच राहिली. क्रेटच्या ओझ्याने मी आडवी होऊ लागले. अंकुशने बैलांना वाचवायला मला खड्ड्याकडे वळवलं आणि मी एका बाभळीवर जाऊन आदळले. संत्री उतारावरून गडगडत खाली गेली. नलूबाईंनी मनगट छातीशी धरलं होतं. 

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून त्या घरी आल्या, आणि त्याच अंगणात, माझ्या चेपलेल्या मडगार्डाजवळ, अण्णाजींनी अंकुशला विचारलं, "गाडीखाली कधी गेलता तू?"

"मी? कायले?"

"इचारतो."

अंकुश त्यांच्याकडे पाहत राहिला. कुलूप, पुठ्ठा, शर्ट, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार. "म्हणजे मोठ्या मायले मी..." एवढं बोलून तो घरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन तो एसटीने सेलूला गेला. तिथल्या एका भाजीच्या व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवायला लागला, असं नंतर कळलं.

हिरालालकडेही कोणी गेलं नाही. मी शेडमध्ये उभी राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. बागेतली संत्री दुसऱ्याच्या गाडीतून गेली. अण्णाजी दिवसातून एकदा येऊन चाकाकडे पाहायचे. उभ्या गाडीतून एक थेंबही पडत नव्हता, आणि ते पाहून त्यांचा चेहरा आणखीच काळवंडायचा. अंकुश गेला आणि तेल थांबलं, असा हिशेब ते मनात मांडत होते. हे खोटं आहे हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. पण तो हिशेब मला भीतिदायक वाटत होता.

शेवटी नलूबाई उठल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या ऑटोने हायवेवर गेल्या आणि हिरालालला घेऊनच आल्या. दोघे मित्र माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. एकमेकांकडे कोणी पाहत नव्हतं.

अण्णाजींकडे हात करत नलूबाई म्हणाल्या, "भाऊजी, इथं अंगणात, यायच्या डोळ्यांसमोर नव्या सील टाका. पाकीट यायनंच फोडाचं. तेलही यायनंच मोजून भराचं. मंग आपण तिघं सेलूले जाऊ. मले अंकुशले पाहाचं हाय."

"वहिनी, रस्त्यात उतार हायत," हिरालाल म्हणाले.

"म्हणूनच तुमाले संग नेतो."

अण्णाजी काही बोलायला गेले. नलूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते सीलचं पाकीट आणायला निघाले.

दुपारपर्यंत काम झालं. अण्णाजींनी पाकीट फोडलं, सील हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना थोडी लाज वाटली. मडगार्ड ठोकून सरळ केलं. हिरालालने दोन्ही चाकं फडक्याने लख्ख कोरडी केली. मग आम्ही निघालो. हिरालाल हळू चालवत होते, उतारावर गिअरमध्ये धरून.  ऊन तापलं होतं, रस्ता लांब होता, आणि माझ्या पोटात पुन्हा तो ताण दाटून येऊ लागला.

सेलू गावाच्या अलीकडे एका निंबाखाली हिरालालने मला थांबवलं. अंकुशला फोन करून तिथेच बोलावलं होतं. त्याची वाट पाहताना दोघेही न बोलता माझ्या मागे आले. दोघेही वाकले. दोन्ही चाकांना ओली रेघ होती.

 सील नव्या होत्या, अण्णाजींनी स्वतः फोडलेल्या. अंकुश कित्येक दिवसांत माझ्याजवळ आला नव्हता. तरी तेल होतं.

"म्हणजे तू नाई," अण्णाजी हिरालालकडे पाहत पुटपुटले.

"अन् तोही नाई," हिरालाल म्हणाले.

तेल मोजून भरलं होतं, तरी हिरालालना ते पुन्हा पाहायचं होतं. त्यांनी पाना घेतला, खाली सरपटले आणि हौसिंगमध्ये तेल भरायच्या तोंडाचा बोल्ट ढिला केला. फुस्सकन हवा सुटली. इतक्या जोरात, की त्यांनी तोंड बाजूला घेतलं. माझ्या पोटातला ताण उतरला, आणि मित्रांनो, मला जन्मात पहिल्यांदा कळलं की ते म्हातारपण नव्हतं.

 मग त्यांनी हात लांब करून हौसिंगच्या वरच्या बाजूला चाचपलं. तिथे गरम हवा बाहेर जायला एक बारीकशी तोटी असते. वरून चिखलाचा थर बसलेला, कोणाला दिसणारही नाही. त्यांनी तो थर खरवडला. आत वाळलेल्या मातीचं गुळगुळीत, गोल घर होतं. त्यांनी ते तळहातावर फोडलं. त्यातून सुकलेले कोळी पडले.

"कुंभारीण," ते म्हणाले. "पिलायसाठी कोळी कोंडून ठेवते ती माशी, तिनं घर केलं हो अण्णाजी. पावसाळ्यात गाडी उभी होती, तवा. हवा जाले जागाच नाई. हौसिंग तापली की हवा फुगते, अन् तेलाले सीलमधून ढकलते. शंभर सील टाकल्या असत्या तरी गळलंच असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे मले पहिल्याच खेपेले पाहाचं होतं. पण मंग ते ठिपके दिसले, अन् माह्यं डोकं गाडीत राह्यलंच नाई."

अण्णाजी त्या मातीच्या तुकड्यांकडे पाहत होते. नलूबाई म्हणाल्या, "आपल्याच माणसायवर संशय धरला आपण."

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. अंकुश उतरला. दोन म्हातारी माणसं धुळीने माखलेली पाहून तो आधी मोठ्या मायकडे धावला, हात कसा आहे ते विचारलं. मग हिरालालने तळहात पुढे करून त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"मोठे बाबा," तो म्हणाला, "गाडीत काय होतं ते सापडलं. तुमाले माह्यावर संशय काऊन आला, ते नाई सापडलं."

अण्णाजींनी ओठ ओले केले. "तू गाडी विका म्हणत होता..."

"म्हणत होतो. तुमच्या तोंडावर म्हणत होतो."

 अण्णाजी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि त्यांनी गमछाने तोंड पुसलं, नुसता घाम पुसावा तसं, पण ते बराच वेळ पुसत राहिले. "चुकलं माह्यं," ते म्हणाले. "दोघायबद्दलही चुकलं." हिरालाल मान वळवून रस्त्यावरच्या गाड्या पाहत होते. अंकुश मोठ्या बाबांजवळ जाऊन बसला. 

तो त्या दिवशी आमच्याबरोबर परत आला नाही. तुम्हाला वाटेल, दोष सापडला म्हणजे सगळं जागेवर आलं. तसं झालं नाही. ती तोटी साफ झाली, सील बदलल्या आणि माझी चाकं कोरडी झाली, ती आजतागायत कोरडीच आहेत. माणसांना मात्र वेळ लागला. हिरालाल माझं काम करायचे, पण चहा मागवायचे नाहीत. अण्णाजी तरी जायचे, बाकावर बसायचे, आणि किल्ली घेऊन परत यायचे. एका दुपारी चहाचे दोन पेले आले. हिरालालने एक पेला त्यांच्याकडे सरकवला आणि विचारलं, "बहार कसा हाय औंदा?" बस, एवढंच.

अंकुश पुढच्या तोडीला आला. न बोलावता, नव्याने घेतलेला स्वतःचा टेम्पो घेऊन, चार गडी सोबत. माझ्या शेजारी टेम्पो लावून तो बागेत गेला. तो दृष्टीआड झाल्यावर अण्णाजी हळूच त्या टेम्पोखाली वाकले आणि मागच्या हौसिंगवर हात फिरवू लागले. अंकुश विसरलेली दोरी घ्यायला परत आला तर ते खालीच होते. 

"काय पाहून राह्यले, मोठे बाबा?"

"तुया गाडीची हवा जाते का बरोबर, ते पाहतो. उताराचा रस्ता हाय ना."

अंकुशने टेम्पोतून दोरी ओढून घेतली. मग दोरी खाली ठेवून तोही त्यांच्या शेजारी मातीत आडवा झाला. "वर हाय ते तोटी," तो म्हणाला. "इकडून हात घाला."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीला तेल आलं तर घाबरू नका. ते कोणतं तेल आहे ते पाहा. पातळ आहे की जाड, पाण्यात मिसळतं की तरंगतं. एकाच चाकाला आहे की दोन्हींना. उभं असताना येतं की चालून तापल्यावर. आणि माझ्या अंगावर एवढासा श्वासाचा रस्ता असतो, तो पावसाळ्यानंतर एकदा मोकळा करा. एवढं केलंत तर मी अजून पुष्कळ वर्षं तुमची ओझी वाहीन. आणि हे पाहायच्या आधीच घरातल्या कोणाचा शर्ट हुंगावासा वाटला, तर जरा थांबा. मला नवी सील मिळते, माणसांना मिळत नाही. अंकुश सेलूलाच राहतो. तो सणावाराला येतो, आणि तो निघाला की नलूबाई बराच वेळ रस्त्यावर उभ्या असतात.